गहुंजेची मॅच: बॅग केवढी भरायची?

२०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर पाच सामने झाले. पहिला १९ ऑक्टोबरला, शेवटचा ११ नोव्हेंबरला. त्या वेळापत्रकावरून बॅगेचा हा हिशेब:

• एक दिवस: तिकीट, ओळखपत्र, टोपी. चार सामने दुपारी २ वाजता सुरू झाले. म्हणजे आधी ऑक्टोबर हीटचा चटका, परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचा गार वारा. पातळ स्वेटर कमरेला बांधून न्यावा.

• तीन दिवस: ३० ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर, दोन सामने. पाठीवरची सॅक पुरते. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो.

• चोवीस दिवस, पाचही सामने: कपडे आठवड्याचेच, धुऊन वापरायचे. पॉवर बँक केबिनमध्येच; चेक-इन बॅगेत चालत नाही. परदेशी पाहुण्यांना भारतीय सॉकेटचा अडॅप्टर; वीज २३० व्होल्टची.