तबकडी खरेच लहान पडते का?

महापालिकेत नोकरीला असलेले आमचे एक स्नेही उपासक मागच्या महिन्यात विहारात भेटले. जयभीम झाला, ख्यालीखुशाली झाली आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले तर व्हिडिओ गेम घेऊन देईन, असा शब्द त्यांनी मुलाला दिला होता. मुलाने सत्याऐंशी पाडले. दोन दिवाळ्यांचा बोनस बाजूला टाकून बापाने पैसे जमवले आणि आता कागदावर प्लेस्टेशनचे दोन भाव लिहिलेले होते. एक तबकडी बसणारे यंत्र, दुसरे बिनतबकडीचे. दुसरे काही हजारांनी स्वस्त.

"दादा, दुकानदार म्हणतो स्वस्तातलं घ्या. आताचे खेळ एवढे मोठे झालेत की तबकडीत मावतच नाहीत, तबकडीचे दिवस गेले. खरं काय?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर लगेच देता येईना. एखाद्या घराचा दोन वर्षांचा बोनस ज्यावर अवलंबून आहे, त्या गोष्टीची चौकशी करणे आमचे कर्तव्यच होते.

पहिल्यांदा माप समजून घेऊ. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरला भीमगीतांचे स्टॉल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. आधी कॅसेट होती, दोन्ही बाजू मिळून दहा-बारा गाणी. मग सीडी आली, तीत ७४ मिनिटे. पुढे तीच सीडी एमपी थ्री होऊन आली आणि तेवढ्याच तबकडीत शंभराच्या वर गाणी बसू लागली. तबकडी वाढली नव्हती, गाणी दाबून भरण्याची युक्ती निघाली होती. सीडीत साधारण ६५० ते ७०० एमबी माल मावतो. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, म्हणजे सहा-सात सीडी. ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी. आजच्या यंत्रांत चालणाऱ्या सर्वांत मोठ्या तबकडीत १०० जीबी. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

आपल्या वस्त्यांत व्हिडिओ गेम आला तो तबकडीवर नव्हे, कॅसेटवर. तिला 'कार्ट्रिज' कोणी म्हटले नाही, कॅसेटच म्हटले. 'नाइन नाइन नाइन इन वन' असे छापलेली ती पिवळी, लाल कॅसेट अर्ध्या चाळीत फिरत असे. चालली नाही तर फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची! एकाने घेतली की दहा घरांत खेळली जाई. हे फिरणे वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

तबकडीचा खरा वाद पेटला तो जपानात. डिसेंबर १९९४ मध्ये सोनी कंपनीने पहिले प्लेस्टेशन काढले आणि त्यात सीडी घातली. निन्टेन्डो या जुन्या कंपनीने १९९६ साली निन्टेन्डो ६४ हे यंत्र आणले आणि कॅसेटच ठेवली. तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कॅसेटवरचा खेळ क्षणात सुरू होतो, सीडी फिरून फिरून वाचते, मुलाला वाट पाहावी लागते; शिवाय कॅसेटची नक्कल करणे कठीण. परंतु त्या कॅसेटची कमाल क्षमता ६४ एमबी, म्हणजे सीडीच्या दहाव्या भागाएवढी, आणि तयार करण्याचा खर्च सीडीपेक्षा कितीतरी जास्त. तोवर निन्टेन्डोसाठी खेळ करणारी स्क्वेअर ही कंपनी सोनीकडे गेली. तिचा 'फायनल फॅन्टसी ७' हा खेळ १९९७ साली तीन सीडींवर आला आणि जगभर गाजला. म्हणजे क्षमतेचा प्रश्न तेव्हा खरा होता, त्यावर बाजाराचे पारडे फिरले.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्हांला फार आवडली. 'रेसिडेंट इव्हिल २' हा खेळ प्लेस्टेशनवर दोन सीडींचा होता. १९९९ साली काही कारागिरांनी तो चित्रफितींसह ६४ एमबीच्या कॅसेटमध्ये बसवून दाखवला! चित्रे थोडी धूसर झाली, पण खेळ पुरता बसला. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार मांडणाऱ्या आमच्या भगिनींना या कारागिरीचे मोल वेगळे सांगायला नको.

डीव्हीडीच्या काळात भांडण फारसे झाले नाही. २००० साली प्लेस्टेशन २ आले, त्यावर सिनेमाही पाहता येई, आणि त्याची १६ कोटींहून अधिक यंत्रे जगात खपली. आपल्याकडेही गल्लीबोळातल्या पार्लरमध्ये तासाच्या भाड्यावर ते चाले. त्याच्या तबकड्या पदपथावर नक्कल करून विकल्या जात. घेणारेही आपलेच होते, हे कबूल करायला हवे. न दिलेले घेऊ नये हे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी नक्कल विकत घेतो, हे बरे नव्हे. पण अस्सल तबकडीची किंमत पगारदाराच्या आवाक्यात नव्हती, हेही तितकेच खरे.

पुढचे भांडण २००६ चे. सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्ल्यू-रे घातली. निळ्या लेसरचा तो नवा भाग महाग होता आणि अमेरिकेत यंत्राची किंमत ४९९ व ५९९ डॉलर झाली, लोक हबकले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ने डीव्हीडीच ठेवली. तोशिबाच्या एचडी डीव्हीडीचा वेगळा जोड तिने विकला, पण तो फक्त सिनेमासाठी, खेळ त्यावर नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि तबकडीची ती लढाई सोनीने जिंकली.

मग डीव्हीडी ठेवणाऱ्या एक्सबॉक्सचे बिघडले काय? 'लॉस्ट ओडिसी' हा खेळ चार डीव्हीडींवर आला. 'फायनल फॅन्टसी १३' प्लेस्टेशनवर एका ब्ल्यू-रेत होता, एक्सबॉक्सवर तीन डीव्हीडींत. २०१३ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' दोन डीव्हीडींवर आला, पहिली फक्त माल यंत्रात उतरवून घेण्यासाठी. म्हणजे मुलाला खेळताना दोन-तीनदा उठून तबकडी बदलावी लागली. एवढेच! बसल्या जागी मान आखडण्यापेक्षा ते बरेच म्हणायचे.

आणि मोठ्या तबकडीने सोनीचे सारेच सुखाचे झाले असेही नाही. प्लेस्टेशन ३ चा वाचक भाग सेकंदाला साधारण ९ एमबी वाची. टाकी मोठी आणि नळ बारीक, अशी गत. २००८ चा 'मेटल गिअर सॉलिड ४' हा खेळ ५० जीबीच्या तबकडीवर आला, पण प्रत्येक अंकाआधी काही माल हार्ड डिस्कवर उतरेपर्यंत खेळाडूने स्वस्थ बसायचे. आता तर सगळाच खेळ आधी यंत्रात उतरवावा लागतो. प्लेस्टेशन ५ ची आतली साठवण सेकंदाला ५.५ जीबी वाचते. कोणतीही फिरती तबकडी त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. तेव्हा तबकडी ही आता धान्याच्या पोत्यासारखी झाली आहे. माल घरी आणण्यापुरती. स्वयंपाक डब्यातल्या धान्याचा होतो.

तरीही दुकानदाराचे 'मावत नाही' हे उत्तर आम्हांला पटले नाही, त्याला एक कारण आहे. २०२२ साली 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' हा खेळ तबकडीवर विकला गेला. प्लेस्टेशन ५ साठी घेतलेली तबकडी लोकांनी उघडून पाहिली तर तीत सुमारे ७० एमबी माल! १९९४ च्या सीडीचा जेमतेम दहावा भाग. बाकी सारा खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. पोते आहे, दुकानाचा शिक्का आहे, आत मूठभर तांदूळ. येथे जागा कमी पडली असे कोण म्हणेल? मोठा खेळ दोन तबकड्यांवर देता येतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' २०१८ साली आणि 'फायनल फॅन्टसी ७ रिबर्थ' २०२४ साली तसेच दिले गेले.

अन् खेळ फुगतात ते तरी सारे गरजेपोटी नव्हे. 'हेलडायव्हर्स २' या खेळाची संगणकावरची आवृत्ती १५० जीबींच्या वर गेली होती. जुन्या हार्ड डिस्कवर लवकर सापडावा म्हणून तोच माल पुन्हा पुन्हा भरलेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये ती पुनरुक्ती काढली तेव्हा खेळ सुमारे २३ जीबींवर आला. २३ जीबी म्हणजे एका थराच्या साध्या ब्ल्यू-रेत बसेल इतका!

मग तबकडी नकोशी का झाली? तबकडी फिरते म्हणून. नव्या मोठ्या खेळाला आज चार-पाच हजार रुपये पडतात. मुलाने तो खेळून संपवला, मित्राला दिला, मित्राचा आपण आणला, वर्षाने अर्ध्या किमतीत विकला. यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या व्यवहारात कंपनीला एक पैसा मिळत नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची घोषणा करताना वापरलेल्या तबकड्यांवर बंधने आणि चोवीस तासांतून एकदा इंटरनेटची हजेरी सांगितली होती. ग्राहक खवळले आणि जून महिन्यातच कंपनीने ती अट मागे घेतली. उतरवून घेतलेल्या खेळाबाबत मात्र असे खवळायला जागाच राहात नाही. तो विकता येत नाही, शेजारच्या मुलाला हातात देता येत नाही.

बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, ते कोकणातल्या वाचकांच्या घराघरात माहीत आहे. कसणारा कसतो, हक्क खोताचा. तुलना जरा मोठी झाली, खेळण्यासाठी एवढी नको, हे आम्ही जाणतो. पण पैसे मोजूनही वस्तूवर आपला हक्क किती, असे विचारण्याची सवय या समाजाला ज्यांनी लावली, त्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहिली नाही.

तबकडी घेतली की सारे हक्क आले, असेही मानू नये. युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारींचा खेळ लोकांनी तबकडीवर घेतला होता. तो कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय चालतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि तबकडी निव्वळ भिंगरी झाली. निन्टेन्डो स्विच २ या जून २०२५ मध्ये आलेल्या यंत्रासाठी काही खेळ 'गेम-की कार्ड'वर येतात. कार्डात खेळ नाही, फक्त किल्ली. हे कार्ड पुढे विकता येते एवढे बरे. पण ज्याच्या घरी जाईल त्याला सारा खेळ उतरवून घ्यावाच लागतो. त्याच यंत्राच्या ६४ जीबीच्या कार्डावर 'सायबरपंक २०७७' हा अवाढव्य खेळ पुरता दिलेला आहे, म्हणजे द्यायचेच ठरवले तर देता येते.

आता घरचा हिशोब. ज्यांच्याकडे मोबाईलचा रोज दोन जीबीचा पॅक आहे, त्यांना १०० जीबीचा खेळ उतरवायला पन्नास दिवस लागतील, आणि त्या पन्नास दिवसांत घरातल्या मुलीचा ऑनलाइन क्लास बंद. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे त्यांचे सोपे. पण यंत्र घेताना वाचवलेले पैसे दोन-तीन खेळ नव्या भावाने घेताच संपतात, कारण बिनतबकडीच्या यंत्राला जुन्या बाजाराचे दार नाही.

म्हणून त्या उपासकांना आम्ही सांगितले ते असे. याहून मोठ्या तबकडीची वाट पाहू नका. १०० जीबी पुरेशी आहे, अपुरी पडली तर दोन द्याव्यात. यंत्र तबकडीचे घ्या, किंवा वापरलेले प्लेस्टेशन ४ घ्या, त्याच्या जुन्या तबकड्या पुष्कळ मिळतात. खेळ घेण्याआधी डबीवर 'डाउनलोड आवश्यक' अशा अर्थाचा मजकूर आहे का ते मुलाकडून वाचून घ्या. कोणी पहिल्या घडणीचे बिनतबकडीचे प्लेस्टेशन ५ स्वस्तात देऊ लागला तर भुलू नका, त्याला तबकडीचा भाग नंतर बसत नाही. २०२३ नंतरच्या सडपातळ घडणीला तो वेगळा घेऊन बसवता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते.

त्यांनी सारे कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. मुलगा शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा खुलला. तेवढ्यात वंदना आटोपून त्याची आई बाहेर आली. तिने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. "फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे," ती म्हणाली, "ती झाल्यावर बघू."