समुद्राकाठच्या घरी दोन रात्री

नांदूरघाटच्या बायकांच्या बैठकीत एक विषय नेहमी निघतो आणि हसण्यावारी जातो. तोच आज आम्ही बोलायला घेतलाय. समुद्र बघायला जायचं तर कुठं जायचं, तिथं करायचं काय, आणि ते आपल्याला परवडतं का?

आपण गाव सोडतो ते कशासाठी? माहेराला, लग्नाला, पंढरीला, नाहीतर कोयता घेऊन फडावर. पाच-सहा महिने परमुलखात काढले तरी त्याला कोणी फिरणं म्हणत नाही. आज मात्र आम्ही नुसत्या फिरण्याबद्दलच बोलणार आहोत.

जागा एकच सांगतो, म्हणजे नीट सांगता येईल. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. तिथं मोठं हॉटेल शोधत बसू नका. गावातली माणसं आपल्याच घरात पाहुणे ठेवतात. ओटीवर, पडवीत गाद्या टाकून देतात, चहा-न्याहारी आणि दोन वेळचं जेवण घरातच. पैसे दर माणशी ठरतात. हल्ली याला सगळे होमस्टे म्हणतात.

लोक तिथं येतात ते कासवांसाठी. ही आपल्या विहिरीतली कासवं नव्हेत. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं. मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिलांचं तोंड ती कधी बघत नाही. ही कासवं फिरतात तरी किती! ओडिशात २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. मधे सगळा दक्षिणेचा समुद्र आहे.

पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरायची, माणसंही काढून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेनं २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून त्यात तसेच खड्डे करतात आणि सापडलेली अंडी त्यांत हलवतात. वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत पिलं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर जास्त. मुलगा की मुलगी हे तिथं वाळू ठरवते, आणि कोणी चौकशीला जात नाही.

खड्ड्यावर टोपली उपडी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलून बघतात. पिलं आली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि ती आपली आपण समुद्राकडे सरकत जातात. तळहातावर मावेल एवढं पिलू, पण लाट आली की मागं फेकलं जातं आणि पुन्हा निघतं. हे बघायला दोरीच्या मागं उभं राहायचं. पिलाला हात लावायचा नाही, बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड पाडायचा नाही. पिलं उजेडाच्या दिशेनं जातात, तुमच्या मोबाईलच्या उजेडानं ती वाट चुकतील. एक आधीच सांगतो: आपण गेलो त्याच दिवशी पिलं येतील असं नाही. म्हणून दोन रात्री राहायचं, म्हणजे टोपली तीन-चार वेळा उचलताना बघायला मिळते.

कासव महोत्सव २००६ सालापासून भरतो, साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. फड संपवून परतणाऱ्या बायांना मार्चअखेर, एप्रिल बरा पडतो.

आता पाण्याचं. आपल्याला नदीचा पूर कळतो, समुद्र कळत नाही. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. कोकणातल्या माणसांचा याचा एक जुना हिशेब आहे, आणि तो आपल्याला फार सोपा जाईल, कारण उपासांमुळे तिथी आपल्या तोंडावर असते. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. शुद्ध असो की वद्य, दिवस असो की रात्र, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती येते आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. थोडं मागंपुढं होतं, म्हणून घरमालकिणीला विचारूनच किनाऱ्यावर जायचं. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका. पाणी उतरताना पायाखालची वाळू ओढून नेतं आणि भिजलेली साडी पायात अडकते.

हा हिशेब कामाला येतो तो हरिहरेश्वरला. मधे सावित्रीची खाडी आहे. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट जाते, माणसांबरोबर मोटारी आणि टेम्पोही घेते. बोटीत बसणं हीच निम्मी मजा. पलीकडे रायगड जिल्हा, तिथून हरिहरेश्वर जवळ. देवळामागच्या प्रदक्षिणेची वाट खडकांतून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेनं जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीत लाटा वाटेवर येतात, माणसं वाहून गेलेली आहेत. अष्टमीला गेलात तर दुपारी बाराच्या सुमारास पाणी उतरलेलं असेल. देवाला येऊन जीव धोक्यात घालण्यात कसली भक्ती? लाट मोठी दिसली तर वरूनच नमस्कार करावा. खाडीच्या अलीकडे बाणकोटचा किल्ला आहे, हिंमतगड. वर उभं राहिलं की महाबळेश्वराहून आलेली सावित्री समुद्राला मिळताना दिसते.

पण आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट घरातच आहे. दुसरीनं रांधलेलं आपण बसून खायचं, आणि उठून भांडी घासायची नाहीत. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, जमलं तर मोदक. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पोट भरल्यासारखं वाटत नाही, हे खरं.

जेवण झालं की त्या बाईशी बोलत बसा. माणशी किती घेता, आगाऊ किती, पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत तर काय करता, पैसे कोणाच्या हातात येतात, हे विचारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि या पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड पुन्हा फळाला यायला वर्षं जातात. गारपिटीत पीक गेलेल्या आपल्या बायांना हे जास्त सांगायला नको. बाग गेली तेव्हा पाहुण्यांचा पैसा घराला किती कामाला आला, हेही त्यांच्याकडून ऐका. आपल्याकडे समुद्र नाही, पण थंडीत हुरडा खायला शहरातली माणसं पैसे मोजतातच की.

खर्चाचं असं करा. दर महिन्याला ५० रुपये वेगळे काढा. वर्षाचे ६०० होतात, १५ जणींचे ९,०००. याची वही वेगळी ठेवा, बचतीच्या आणि कर्जाच्या पैशाला हात लावू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे लांबचा प्रवासही आवाक्यात येतो. बीडहून पुणे, पुण्याहून मंडणगड, पुढे वेळास, असा टप्प्याटप्प्यानं प्रवास करायचा. मंडणगडच्या पुढं गाड्या थोड्या, म्हणून तिथं उजेडी पोचेल असंच घरून निघा.

निघण्याआधी घरमालकिणीला फोन करून दर माणशी पैसे, संडास-न्हाणीची सोय आणि जेवणात काय मिळतं ते पक्कं करा. कोणत्या घरट्यातली पिलं कधी यायची शक्यता आहे हे तिला माहीत असतं, तेही विचारा. आणि कॅलेंडर हाताशी ठेवूनच तारीख सांगा, म्हणजे तिथी तिथल्या तिथं कळेल.