हा मुतखडा नव्हे!

मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते, तो रिफ्लक्स. काही मुलांत त्यावर दुर्बिणीतून इंजेक्शन देतात. मूत्रवाहिनीच्या तोंडाशी डेक्स्ट्रानोमर आणि हायालुरॉनिक आम्लाची जेल टोचली, की तिथे छोटा उंचवटा येतो आणि परतीची वाट अडते. अमेरिकेत डेफ्लक्स या नावाने तिला २००१ साली मान्यता मिळाली.

सोनोग्राफीत हा उंचवटा दिसतो. रिफ्लक्स थांबला का, हे एमसीयू या एक्स-रे तपासणीत कळते.

खरी फसगत पुढे होते. काही वर्षांनी त्या जागी कॅल्शियम साठू शकते आणि पोटदुखीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ते हुबेहूब मुतखड्यासारखे पांढरे दिसते. जुने कागद हरवलेले असतील, तर मुलाला विनाकारण शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागू शकते. पालकांनो, त्या इंजेक्शनच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि स्कॅनआधी डॉक्टरांना आवर्जून दाखवा.