वाटाघाटी का जुळतात, का फिसकटतात? गैरसमज आणि वस्तुस्थिती

परस्परविरोधी बाजूंमधील वाटाघाटींचा निकाल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतो. बोलणी मोडली तर प्रत्येक बाजूपुढे कोणता मार्ग उरतो, दिलेला शब्द पाळण्याची ताकद कोणात आहे आणि ठरलेल्या अटी तपासून पाहता येतात का. मराठवाड्याने अशा वाटाघाटींचे दोन मोठे अनुभव घेतले आहेत. पहिला 1947-48 मधील भारत सरकार आणि हैदराबादचा निजाम यांच्यातील बोलण्यांचा, दुसरा नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याच्या पाणीतंट्याचा. वाटाघाटींविषयीचे अनेक समज या अनुभवांपुढे टिकत नाहीत.

गैरसमज 1: चर्चेला बसले म्हणजे दोघांनाही तोडगा हवा असतो.

वस्तुस्थिती: वेळ काढण्यासाठीही बोलणी होतात. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकार आणि हैदराबाद संस्थान यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. विलीनीकरणाचा मूळ प्रश्न त्यात पुढे ढकलला गेला. निजामाला स्वतंत्र राहायचे होते आणि देशाच्या मध्यभागी वेगळे राज्य भारताला चालणार नव्हते. दोघांनाही मान्य होईल असा मधला मार्ग या भूमिकांत उरत नव्हता. पुढच्या काही महिन्यांत संस्थानाने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले, तर भारत आर्थिक कोंडी करत असल्याची तक्रार संस्थानाने केली. जून 1948 मध्ये भारताचे गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांच्या पुढाकाराने तयार झालेला अखेरचा मसुदाही निजामाने नाकारला. 13 सप्टेंबरला ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखली जाणारी भारताची लष्करी मोहीम सुरू झाली आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. बोलणी मोडल्यावर आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, याचा निजामाचा अंदाज साफ चुकला होता.

गैरसमज 2: प्रमुख व्यक्ती राजी झाली की करार पक्का.

वस्तुस्थिती: करार मोडण्याची ताकद अनेकदा चर्चेच्या खोलीबाहेर असते. ऑक्टोबर 1947 मध्ये ‘जैसे थे’ कराराच्या मसुद्याला निजामाची संमती मिळाली होती आणि त्याचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. 27 ऑक्टोबरच्या पहाटे जमावाने शिष्टमंडळातील सदस्यांच्या घरांना वेढा घातला. त्यांना घराबाहेर पडणे अशक्य झाले. यामागे मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष आणि रझाकार या सशस्त्र दलाचा नेता कासीम रझवी होता. मूळचा तो लातूरला वकिली करणारा. वेढ्यानंतर निजामाने पाऊल मागे घेतले. संस्थानाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि निजामाचे सल्लागार वॉल्टर माँक्टन हे तुलनेने मवाळ लोक बाजूला झाले आणि बोलणी कडव्या गटाच्या हाती गेली. महिनाभराने सही झालेला करार मूळ मसुद्याहून फारसा वेगळा नव्हता, पण तो पाळला जाईल हा विश्वास उरला नव्हता.

गैरसमज 3: लेखी करार झाला की वाद संपतो.

वस्तुस्थिती: करारात जे स्पष्ट लिहिलेले नसते, तिथे पुढचा वाद उभा राहतो. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातील 6 ऑक्टोबर 1975 च्या करारानुसार गोदावरीवर पैठण आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या भागात, आंध्रातील पोचंपाड धरणापर्यंत, महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी 60 टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वापरण्याची मुभा मिळाली. गोदावरी पाणीतंटा लवादाच्या 1980 च्या निवाड्यात हा करार समाविष्ट झाला. पुढे महाराष्ट्राने धर्माबाद तालुक्यात 2.74 टीएमसी क्षमतेचा बाभळी बंधारा हाती घेतला. ही जागा पोचंपाडच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येते. तिथे महाराष्ट्राला बंधारा बांधता येतो का, यावर दोन्ही राज्ये एकाच कराराचे दोन अर्थ लावू लागली.

गैरसमज 4: न्यायालयात गेले म्हणजे वाटाघाटींचा मार्ग संपला.

वस्तुस्थिती: न्यायालय अडलेल्या बोलण्यांना चौकट देऊ शकते. केंद्राच्या मध्यस्थीने बैठका होऊनही बाभळीचा तिढा सुटला नाही, तेव्हा आंध्र प्रदेशाने 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 2007 मध्ये न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली, पण दारे बसवण्यास मनाई केली. जुलै 2010 मध्ये आंध्रचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आणि त्यांच्या पक्षाचे आमदार बंधाऱ्याकडे निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. आंदोलनाने प्रश्न गाजला, पण पाण्याचा हिशेब जागच्या जागीच राहिला. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने बंधाऱ्याला मान्यता मिळाली. महाराष्ट्राने न्यायालयात दिलेली हमी हाच त्या तोडग्याचा गाभा ठरला.

गैरसमज 5: तडजोड म्हणजे अर्धे तुझे, अर्धे माझे.

वस्तुस्थिती: दोन्ही बाजूंची खरी गरज वेगळी असेल, तर वाटणी वेगळ्या प्रकारे करता येते. पावसाळ्यातला ओघ पोचंपाडपर्यंत पोचावा, ही खालच्या राज्याची गरज होती. पावसाळ्यानंतर पिण्यासाठी आणि शेतीसाठी साठा हवा, ही धर्माबाद परिसराची. म्हणून महाराष्ट्राच्या हमीत पाण्याची वाटणी काळानुसार झाली. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याची दारे वर राहतात आणि 29 ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत खाली. 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. देखरेखीला केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती आहे. 2014 नंतर आंध्रची जागा तेलंगणाने घेतली, तरी व्यवस्था चालू राहिली. दार वर आहे की खाली, हे काठावर उभ्या कोणालाही दिसते, त्यामुळे अट पाळली की मोडली यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. तोडगा निर्दोष मात्र नाही. पावसाळ्यातले पाणी वाहून जाते आणि ऑक्टोबरनंतर प्रवाह क्षीण असेल तर बंधारा भरत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे.

गैरसमज 6: दोन सरकारांचे जमले की काम मार्गी लागते.

वस्तुस्थिती: ज्यांचे घरदार जाते त्यांना वगळून केलेला समझोता रखडतो. नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेड तालुक्यातील लेंडी धरण प्रकल्प हा महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्याचा संयुक्त प्रकल्प आहे. 1980 च्या दशकात त्याचे काम सुरू झाले. दोन्ही राज्यांची संमती असूनही पुनर्वसन आणि मोबदल्याच्या प्रश्नावर बुडीत गावांच्या विरोधामुळे ते वर्षानुवर्षे अडले. पुनर्वसनाची बोलणी धरणाची भिंत उभारण्याआधी पूर्ण करायची असतात, ती मागे पडली की त्याची किंमत आधी गावे मोजतात आणि नंतर प्रकल्पही.