क्षमेची वाट पश्चात्तापातून

प्रभू येशूचे दोन शिष्य जवळजवळ एकाच वेळी चुकले. यहुदाने चांदीच्या ३० नाण्यांसाठी गुरूला शत्रूंच्या हाती दिले. पेत्राने भीतीपोटी त्याला तीनदा नाकारले. अपराधाची जाणीव दोघांनाही झाली. यहुदाने नाणी मंदिरात फेकून आत्मघात केला. पेत्र मात्र ढसढसा रडला आणि पुन्हा येशूकडे परतला. ख्रिस्ती श्रद्धेतील पश्चात्तापाचा अर्थ या परतण्यात आहे.

नव्या करारातील ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मनाचे परिवर्तन असा होतो. केवळ खंत पुरेशी नसते. लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचे बोलणे पुरे होण्याआधीच, तो दूर असतानाच पिता धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

कॅथलिक पंथात धर्मगुरूंपुढे पापनिवेदन केले जाते आणि त्याची गुप्तता त्यांना कधीही मोडता येत नाही. प्रॉटेस्टंट पंथीय प्रामुख्याने थेट देवापुढे कबुली देतात. मात्र, क्षमा मिळाली म्हणून जबाबदारी संपत नाही. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला होता. पश्चात्तापाची खरी कसोटी तीच.