दहा हजारांच्या गर्दीत दोनशे दहा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाचे डोळे पिवळट दिसले, की डॉक्टरच्या आधी सल्ले येतात. उसाचा रस पी, तेलकट बंद कर, नाहीतर सरळ ‘कावीळ उतरवून घे जा की!’ उतरवणारा चुन्याच्या पाण्यानं रुग्णाचे हात धुतो, पाणी पिवळं होतं आणि काही आठवड्यांत माणूस खडखडीत बरा. त्याच्या यशाचा आकडा शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव, आणि तो खोटाही नाही. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांचं शरीर आपली आपणच परतवून लावतं. चुना न वापरताही आकडा तोच राहिला असता. (उसाच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे मात्र विचारून घ्यावं.) अपवाद आहे तो गरोदर बाईचा. शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

पाणी बिघडलं की ही कावीळ एकेकाला गाठत नाही, गावच्या गाव पाडते. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पात्रातलं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं. जादा क्लोरीन घातल्यानं जिवाणू मेले, विषाणू मात्र टिकले. सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. पुढची कितीतरी वर्षं सगळे तिला ‘ए’च समजत होते. पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि अमेरिकन सहकाऱ्यांचा अभ्यास १९८० मध्ये आला, तेव्हा त्या साथीतल्या रुग्णांच्या साठवलेल्या रक्तानं सांगितलं की ती ‘ए’ नव्हतीच. आपल्याकडे २०१२ साली पंचगंगेच्या काठी इचलकरंजीत कावीळ पसरली, तेव्हाही रुग्ण हजारांत मोजावे लागले.

एवढा गाजावाजा करून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ या दोन्ही काविळी बहुधा कायमच्या निघून जातात. मुक्काम ठोकतात त्या ‘बी’ आणि ‘सी’, आणि त्यांत डोळे पिवळे होतीलच असं नाही. ‘बी’चा विषाणू ४२ नॅनोमीटरचा, एका मिलिमीटरवर रांगेनं जवळपास २४ हजार बसतील. काही रुग्णांच्या रक्तात मिलिलीटरमागे शंभर कोटी असतात, म्हणजे एका थेंबात पाच कोटी. शरीराबाहेरही तो सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या नर्सला अशा रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत; ‘सी’ची त्याहून खूपच कमी आणि एचआयव्हीची जेमतेम ०.३. मोठ्या माणसाला ‘बी’ झाली तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत ती कायम राहते. जन्मताना बाळाला झाली तर नव्वदांत. म्हणूनच पहिली लस २४ तासांच्या आत द्यायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२२ मध्ये भारतात २.९८ कोटी लोकांना ‘बी’ होती. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच आहे, दहा हजार प्रेक्षक आलेत असं धरा. देशाच्या सरासरीनं त्यात ‘बी’चे सुमारे २१० जण निघतील. देशात निदान झालेल्यांचं प्रमाण २.४ टक्के, म्हणजे या २१० पैकी पाचच जणांना आपल्या आजाराची कल्पना असेल. बाकीचे बोंबलून गोल मागत असतील. त्यांना होतंय काय? काहीच नाही. कुणाला थोडा थकवा, तोही कामाच्या नावावर खपतो. यकृत आक्रसायला किंवा कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षंही जातात. जगात विषाणूजन्य काविळींनी वर्षाला १३ लाख माणसं जातात, रोजची साडेतीन हजार, आणि जवळजवळ सगळी ‘बी’ आणि ‘सी’ची.

त्याच गर्दीत ‘सी’चे ३९ जण बसलेले असतील. यातल्या एकेकाच्या शरीरात दिवसाला साधारण एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. पण ‘सी’ आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५हून जास्त जणांत समूळ जाते. ३९ पैकी ११ जणांना आजार ठाऊक असेल. २८ जणांची तपासणीच झालेली नसेल. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या २०१८ पासून फुकट आहेत.