कामोणीच्या पानातले पहारेकरी

शहाडच्या उड्डाणपुलावरून जाणारा रस्ता मुरबाड ओलांडून माळशेज घाट चढतो आणि जुन्नर तालुक्यात शिरतो. ओतूर, नारायणगावचा भाजीपाला याच रस्त्याने कल्याणच्या बाजारात उतरतो. जुन्नरच्या दक्षिणेला आंबेगाव तालुका. तिथले सातगाव पठार खरिपातल्या बटाट्यासाठी ओळखले जाते. देशातला बहुतेक बटाटा हिवाळ्यात, उत्तरेच्या मैदानी प्रदेशात पिकतो. पठारावर मात्र पावसाच्या तोंडावर मंचरच्या बाजारातून बेणे आणायचे, लागवड करायची आणि सगळे पीक पावसाच्या भरवशावर उभे करायचे. म्हणूनच इथे उशिरा येणाऱ्या करप्याची धास्ती मोठी.

झड लागलेली, ऊन नाही, हवा गार. अशा दिवसांत पानाच्या टोकाला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग पडतो. सकाळी पान उलटून पाहिले, तर डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. त्या लवेवरच्या बीजाणूपिशव्या वारा-पावसाबरोबर पुढच्या सरीत जातात आणि गारवा असेल तर एकेका पिशवीतून पाण्यात पोहणारे अनेक बीजाणू सुटतात. हवामान असेच राहिले, तर हिरवेगार शेत आठवड्या-दीड आठवड्यात काळे पडते. पाण्याबरोबर जमिनीत झिरपलेले बीजाणू कंदही कुजवतात.

या रोगकारकाचे नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी अधिक जवळचे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने दुष्काळ पाडला, त्यात सुमारे १० लाख माणसे दगावली.

त्यावर मूळचा उतारा रानात सापडला. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानबटाट्यात करप्याला अडवणारी जनुके आहेत. ती संकराने लागवडीच्या वाणांत आणली गेली. आपल्याकडे १९६८ साली प्रसारित झालेला ‘कुफरी ज्योती’ हा त्याच वाटेचा वाण. सुरुवातीला तो रोगापुढे खंबीर राहिला, पुढे मात्र त्याची ताकद ओसरली. १९७२ चा ‘कुफरी लवकर’ हा वाण दख्खनच्या पठारासाठी निवडलेला. तो उष्णता सोसतो, लवकर पोसतो, पण करप्याला सहज बळी पडतो.

ताकद ओसरते ती का, हे पेशीत डोकावल्यावर कळते. करपा पानात शिरताना काही प्रथिने पेशीत सोडतो आणि झाडाची संरक्षणव्यवस्था लुळी पाडतो. प्रतिकारक जनुकापासून बनलेले प्रथिन तिथे पहारेकऱ्यासारखे असते. ओळखीचे परके प्रथिन दिसताच ते इशारा देते आणि आजूबाजूच्या काही पेशी स्वतःहून मरतात. करप्याला जगायला जिवंत पेशी लागते, त्यामुळे तो तिथेच अडकतो. पण करप्याने आपले ते एक प्रथिन बदलले किंवा टाकून दिले, की पहारेकऱ्याला तो ओळखू येत नाही. २००९ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशी प्रथिने घडवणारी शेकडो जनुके त्यात आढळली. एकट्या जनुकाचा निभाव का लागत नाही, ते त्यावरून उमगते.

मेक्सिकोतल्याच सोलॅनम बल्बोकॅस्टॅनममधले आरबी जनुक २००३ साली वेगळे करण्यात आले. या रानबटाट्याचा आपल्या बटाट्याशी थेट संकर होत नाही, म्हणून आधी दोघांच्या पेशी जोडाव्या लागल्या. पुढे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने जनुकबदलाने आरबी घातलेल्या परदेशी वाणाचा ‘कुफरी ज्योती’शी संकर केला. त्या संततीत रोगाचा जोर कमी झाला, पण किती, हे ज्या वाणात जनुक गेले त्यावरही अवलंबून राहिले. जनुकबदल केलेला बटाटा आपल्या शेतापर्यंत अजून पोचलेला नाही.

मला सर्वांत हुरूप येतो तो कामोणीच्या कुळामुळे. पडीक जागेत, बांधावर, गटाराकाठी उगवणारी, काळ्या मण्यांसारखी फळे धरणारी ही झाडे बटाट्याची सगोत्र. त्यातल्याच सोलॅनम अमेरिकॅनम या जातीतून ब्रिटनमधल्या नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेने करप्याविरुद्धची नवी जनुके शोधली. आपण हे तण उपटून फेकतो, पण त्याचे बी जपून ठेवायला हवे.

टोमॅटोही याच कुळातला, आणि करपा त्यालाही सोडत नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अभेद’ या संकरित वाणात पीएच-२ आणि पीएच-३ ही दोन जनुके एकत्र आणली आहेत. युगांडात तर रानबटाट्यांतली तीन जनुके एकाच बटाट्यात घालून चाचण्या झाल्या. माझ्या मते हीच दिशा बरोबर आहे: एकावर एक जनुके रचायची. करप्याला एकाच वेळी तिन्ही ठिकाणी बदलणे फार अवघड जाते. मात्र हे वाण उत्तरेच्या हिवाळ्याबरोबरच पठारावरच्या झडीतही पारखून घेतले पाहिजेत, नाहीतर सातगावच्या शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

तोवर खात्रीचे बेणे, उंच वरंबे, गेल्या हंगामातल्या कंदांतून आपोआप उगवलेली रोपे काढून टाकणे, पावसाचा रंग पाहून वेळेवर फवारणी, आणि काढणीआधी पाला कापून शेताबाहेर नेणे हेच उपाय; पाला नेला म्हणजे वरची लागण कंदांना भिडत नाही.